व्हिडिओ बनवण्याआधी वह्या तपासा: नवख्या शिक्षकांसाठी

लॉकडाऊनच्या पहिल्या पावसाळ्यात मी तिसरीच्या वर्गाला दोन व्हिडिओ पाठवले होते. एक कुठून तरी मिळालेला, रंगीत, ॲनिमेशनचा, मागे संगीत वाजणारा. दुसरा मीच घराच्या ओट्यावर बसून केलेला, हातच्याच्या वजाबाकीचा, चार मिनिटांचा. त्यात मध्येच शेजारचा कोंबडा आरवला आणि मी "बघ, याला पण उत्तर आलं" असं बोलून गेलो. शाळा उघडल्यावर विचारलं, तेव्हा रंगीत व्हिडिओ कशाचा होता हे दोघा-तिघांना अंधूक आठवत होतं. कोंबडा सगळ्यांना आठवत होता. आणि कोंबड्याच्या आधी दशकाच्या घरातून काय उसनं घेतलं होतं, तेही बऱ्याच जणांना.

यात माझ्या कलेचा भाग काही नव्हता. आवाज ओळखीचा होता, आणि हा माणूस चार दिवसांनी पारावर गाठून "मग, बावन्नातून सतरा गेले?" असं विचारणार, हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. शैक्षणिक व्हिडिओबद्दल बोलताना आपण कॅमेरा, माईक, एडिटिंगचं ॲप यांपासून सुरुवात करतो. मी वेगळ्या टोकापासून, म्हणजे मुलाशी असलेल्या नात्यापासून, सुरुवात करणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या सलमान खान (सिनेमातले नव्हेत) यांच्या खान अकॅडमीचा, म्हणजे व्हिडिओंतून मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळाचा, उगम एका नात्यात आहे, अगदी शब्दशः. २००४ साली ते बॉस्टनहून आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवर गणित शिकवत होते. मग इतर भावंडं आली, वेळा जुळेनात, म्हणून २००६ पासून यूट्यूबवर व्हिडिओ. पुढे त्यांनीच एका भाषणात सांगितलं की भावंडांना ते प्रत्यक्षापेक्षा यूट्यूबवर जास्त आवडायला लागले. यात गंमत आहे, पण नीट पाहिलं तर कारण साधं आहे. व्हिडिओ थांबवता येतो, तीनदा मागे नेता येतो आणि "अजून कळलं नाही?" असा चेहरा कुणी करत नाही. म्हणजे नातं आधीच होतं, व्हिडिओनं त्यातला संकोच तेवढा काढून टाकला. आपल्या वर्गातही दुसऱ्यांदा विचारायला लाजणारं पोरगं असतंच. व्हिडिओचा खरा गिऱ्हाईक तोच.

उलट बाजूही आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकवले. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं ते ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच साहित्य पडद्यावर दाखवलं तर शिकली नाहीत. आपली मुलं बाळं नाहीत हे खरं, पण मूल जितकं लहान तितका पडद्याआडचा माणूस त्याच्या ओळखीचा असावा लागतो, असा माझा अनुभव आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा बावीस वर्षांचा मुलगा कधीही न भेटलेल्या सरांचे तासन्‌तास व्हिडिओ बघतो, कारण परीक्षेची तारीख त्याच्या मानेवर बसलेली असते. अशा एकतर्फी ओळखीला हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच "पॅरासोशल" असं नाव दिलं होतं, तेव्हा विषय दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांचा होता. नऊ वर्षांच्या मुलीच्या मानेवर कुठलीच तारीख नसते. तिला तुम्ही लागता.

पहिली पायरी: दहा दिवस मोबाईल खिशात

नव्या शाळेत किंवा नव्या वर्गावर गेल्यावर पहिले दहा-बारा दिवस काहीही रेकॉर्ड करू नका. या दिवसांत दोन गोष्टी जमवा.

एक, चुकांची वही. साधी शंभर पानी. रोज वह्या तपासताना बरोबर-चूक अशी खूण करून पुढे न जाता चूक जशीच्या तशी उतरवून घ्या. तिसरी-चौथीत तुम्हाला ५२ वजा १७ बरोबर ४५ हे उत्तर हमखास सापडेल. मुलाला विचारलं तर तो शांतपणे सांगतो, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." त्याच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे. मोठ्यातून लहान घालवायचा, हे आपणच त्याला पहिलीत शिकवलेलं असतं. अपूर्णांकात एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार तीनापेक्षा मोठे. विज्ञानात, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. अशा वीस चुका जमल्या की वर्षभराच्या व्हिडिओंचे विषय हातात आले.

दोन, फोनची यादी. घरात फोन कुणाचा, तो किती वाजता घरी येतो, डेटा किती असतो, मूल तो कुणाबरोबर बघतं. वडील ड्रायव्हर असतील तर फोन रात्री नऊला येतो आणि तेव्हा मूल झोपलेलं असतं. बीड, अहमदनगरकडच्या (आता अहिल्यानगर) काही गावांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर वर्गातली मुलंही जातात. त्या मुलाला फडावर पोहोचलेला बाईंचा दोन मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे शाळेनं आपल्याला सोडलेलं नाही याची खूण असते. त्याच्यासाठी फाईल लहान ठेवा आणि पालकांना तसं सांगून ठेवा. ही यादी मुलांसमोर, वर्गात मोठ्यानं विचारून करू नका. "कुणाकडे फोन नाही?" हा प्रश्न एकदा विचारलात की पुढचे सहा महिने निस्तरत बसाल.

दुसरी पायरी: घटक नको, चूक निवडा

नवखे शिक्षक "वजाबाकी" या घटकावर व्हिडिओ करतात. तो बारा मिनिटांचा होतो आणि गुळगुळीत होतो. तुम्ही "५२ वजा १७ बरोबर ४५ असं काहींना वाटतं, का बरं?" एवढ्यावरच करा.

यामागे चांगला आधार आहे. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीचं काम करताना भौतिकशास्त्राचे दोन तऱ्हेचे व्हिडिओ दाखवून पाहिले. एकात स्वच्छ, सरळ स्पष्टीकरण. दुसऱ्यात आधी विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज, मग त्यांची उलगड. स्वच्छ व्हिडिओ विद्यार्थ्यांना "सोपा, स्पष्ट" वाटला, पण त्यांच्या समजुतीत फारसा फरक पडला नाही. गैरसमज मांडणारा व्हिडिओ जरा गोंधळाचा वाटला, पण शिकले त्याच्यातून. मूल स्वच्छ व्हिडिओ बघताना मान डोलावतं आणि आपल्याला हे येतंच म्हणून सोडून देतं. त्याची स्वतःची चूक पडद्यावर दिसली की ते थबकतं.

आता ही चूक कुणाची आहे ते इंटरनेटवरच्या कुठल्याही सरांना ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण चूक करणाऱ्याचं नाव व्हिडिओत घ्यायचं नाही, गमतीतही नाही. "मी लहानपणी असंच करायचो" म्हणा. खोटं ठरणार नाही, सगळ्यांनीच केलेलं असतं.

तिसरी पायरी: बोलणं

"विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या व्हिडिओमध्ये आपण वजाबाकी या घटकाचा सखोल अभ्यास करणार आहोत." हे वाक्य खोडून टाका. शिक्षण परिषदेतही असं कुणी बोलू नये, पण तो विषय वेगळा.

मराठीत आपल्याला एक सोय आहे. "तुम्ही" आणि "तू". वर्गात आपण चाळीस जणांना "तुम्ही" म्हणतो, पण व्हिडिओ बघणारं मूल एकटं असतं, फार तर धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेलं. त्याला "तू" म्हणा. "वही घेतलीस का? घे. मी थांबतो." रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमांतून शिकण्याबद्दल जे अनेक वर्षं प्रयोग केले, त्यांत ही गोष्ट पुन्हापुन्हा दिसली: औपचारिक भाषेपेक्षा बोलल्यासारख्या, थेट संबोधणाऱ्या भाषेतून लोक जास्त शिकतात. मी एक युक्ती करतो. वर्गातलं एकच मूल मनात धरतो, बहुधा गणिताला घाबरणारं, आणि त्याच्याशी बोलतो. नाव घेत नाही.

बोली वापरायला लाजू नका. वर्गात "इकडं ये" म्हणता आणि व्हिडिओत "इकडे या" म्हणता, तेव्हा मुलांना कुणीतरी परका माणूस बोलतोय असं वाटतं. जिथे मुलांची घरची भाषा अहिराणी, पावरी किंवा गोंडी आहे, तिथे सुरुवातीची दोन वाक्यं त्या भाषेत बोला. उच्चार चुकले तर मुलं हसतील. हसू द्या, दुसऱ्या दिवशी तुम्हाला दुरुस्त करायला येतील, आणि शिकवणाऱ्याच्या खुर्चीत ती बसतील.

लांबी किती? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-बैठका (म्हणजे कुणीतरी व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी) तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे मांडलं, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तिथले विद्यार्थी मोठे होते. प्राथमिकला मी चार मिनिटांवर जात नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी माझ्यासारख्या ओट्यावर बसणाऱ्यांना धीर देते: महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा प्राध्यापक स्वतःच्या टेबलाशी बसून, समोरच्याशी बोलल्यासारखं बोलत होते, ते व्हिडिओ जास्त वेळ पाहिले गेले.

चौथी पायरी: चेहरा आणि हात

चेहरा सुरुवातीला पंधरा-वीस सेकंद आणि शेवटी पुन्हा थोडा. मधे फक्त हात, वही आणि आवाज. २०१४ च्या एका प्रयोगात पडद्यावर शिक्षकाचा चेहरा असताना पाहणाऱ्यांचा सुमारे ४१ टक्के वेळ चेहऱ्याकडे बघण्यात गेला. चेहरा असलेला व्हिडिओ त्यांना आवडला, पण लक्षात राहण्यात फरक पडला नाही. म्हणजे चेहरा हवा तो ओळखीसाठी. गणित चालू असताना तो मधे येतो.

हात दाखवायला स्टँड लागत नाही. सारख्या उंचीचे दोन डबे, त्यांवर पट्टी, पट्टीवर मोबाईल कॅमेरा खाली करून, अर्धा बाहेर काढलेला. मागच्या बाजूला एक वजन ठेवा, नाहीतर मोबाईल वहीत पडतो (पडलाय). उजेड खिडकीचा, समोरून किंवा डावीकडून, म्हणजे उजव्या हाताची सावली अंकांवर येत नाही. पंखा बंद. आधी लिहून ठेवलेलं दाखवू नका, लिहिताना दाखवा. आकडा उमटताना मुलाची नजर पेनाच्या टोकाबरोबर जाते. खाडाखोड झाली तर राहू द्या. बाईंनासुद्धा खोडावं लागतं, हे मुलांना माहीत असलेलं बरं.

पाचवी पायरी: गप्प बसा

ही सगळ्यांत अवघड. मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब होतात आणि न बोलणारी मुलं बोलू लागतात. व्हिडिओत तर आपण अर्धा सेकंदही थांबत नाही, कारण समोर कुणी नसतं आणि शांतता चूक वाटते.

"आता व्हिडिओ थांबव आणि वहीत कर" असं नुसतं म्हणू नका. कुणी थांबवत नाही. म्हणा आणि खरंच गप्प बसा. मनात आठ अंक मोजा, हातातलं पेन वहीवर ठेवून. त्या आठ सेकंदांत मुलाला कळतं की सर आपल्यासाठी थांबलेत. दर दोन मिनिटांनी असा एक थांबा पुरे. मधेमधे लहान प्रश्न आले की लक्ष कमी भरकटतं, हे मोठ्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन व्याख्यानांवरच्या प्रयोगातही दिसलेलं आहे.

सहावी पायरी: पाठवणं

पालकांच्या ग्रुपवर तुम्ही आजवर काय पाठवलंय, ते वर सरकवून बघा. आधार कार्डाची झेरॉक्स आणा, उद्या सुट्टी, अमुक मुलगा गृहपाठ करत नाही. अशा ग्रुपवर आलेला व्हिडिओही नोटीस म्हणूनच उघडतो, किंवा उघडत नाही. ज्या घरी शाळेकडून फक्त तक्रारच येते, तिथे सरांचा आवाज ऐकून मूल आधी दचकतं. म्हणून पहिला व्हिडिओ पाठवण्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक घरी एक चांगली बातमी जाऊ द्या. तीस सेकंदांचा आवाजी संदेश पुरतो: "आज तिनं सतराचा पाढा न अडखळता म्हटला." चाळीस मुलांचे चाळीस संदेश, रोज आठ केले तर पाच दिवसांचं काम.

निळ्या खुणांवर विसंबू नका. त्या वडिलांच्या अंगठ्याच्या असतात. यूट्यूबवर टाकत असाल तर "अनलिस्टेड" ठेवा, लिंक असेल त्यालाच दिसेल. लहान मुलांसाठी अशी खूण केली की खाली प्रतिक्रिया बंद होतात, म्हणून मुलांनी उत्तर कुठे द्यायचं ते आधी ठरवा. माझ्याकडे ते वहीतच. आणि वर्गातल्या मुलांचे चेहरे, नावं व्हिडिओत येणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे.

सातवी पायरी: दुसऱ्या दिवशीची पाच मिनिटं

सगळं इथे ठरतं. तुम्ही व्हिडिओ पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नावही काढलं नाहीत, असं सलग दोनदा झालं की तिसरा कुणी बघणार नाही. मुलं हिशोबाला फार पक्की असतात.

पण "कुणीकुणी बघितला, हात वर" हेही नको. त्यानं फोन असलेले आणि नसलेले असे दोन गट पडतात, शिवाय अर्धे हात खोटे असतात. त्याऐवजी व्हिडिओ मुद्दाम अपुरा ठेवा. शेवटी एक गणित मांडा, ४०२ वजा १७५, आणि म्हणा, "इथं दशकाच्या घरात शून्य आहे. उसनं कुणाकडून घेशील? उद्या मला सांग." सकाळी हजेरीनंतर फळ्यावर तेवढंच लिहा आणि बाजूला व्हा. बघितलेली मुलं बोलू लागतात, न बघितलेली त्यांच्याकडून ऐकतात. मग वर्गाच्या टीव्हीवर किंवा तुमच्याच मोबाईलवर तो एकदा सगळ्यांना दाखवा. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांना "आता सर गप्प बसतात बघ" असं शेजाऱ्याला सांगण्यात भारी मजा येते.

ज्यानं पाहिला नाही त्याला रागवायचं नाही. कारण शंभरातल्या नव्वद वेळा त्याच्या हातात नसतं, आणि उरलेल्या दहा वेळा रागावून काही होत नाही.

दुसऱ्यांचे व्हिडिओ वापरायचे असतील तर

सगळं स्वतः करणं शक्य नाही, आणि करूही नका. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या मंचावरचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकाला असा कोड जोडायचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच करून दाखवलं होतं. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा सगळीकडे कोडचं कौतुक झालं. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की ते साहित्य त्यांनी आपल्या समोरच्या मुलांकडे बघून केलं होतं.

परका व्हिडिओ आपला करायला तीन गोष्टी पुरतात. आधी स्वतः पूर्ण बघा. सांगायला नको, पण सांगतो, कारण मी स्वतः न बघता लावलेल्या व्हिडिओत मध्येच हिंदी सुरू झालं होतं. संख्यांची नावं तर नक्कीच तपासा. दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आल्यावर २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तुमचा वर्ग एक म्हणतो आणि व्हिडिओ दुसरं, तर अर्ध्या मुलांचा वेळ भाषांतरात जातो. मग दोन जागा ठरवा, जिथे तुम्ही थांबवणार आणि विचारणार. आणि लावल्यावर मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसा. खुर्चीत बसून ऑनलाइन माहिती भरायला ही वेळ सोयीची असते, मला पूर्ण कल्पना आहे, तालुक्याचा निरोपही नेमका तेव्हाच येतो. पण सर ज्याच्याकडे बघत नाहीत ते बघण्यासारखं नसतं, असं मुलं दोन मिनिटांत ताडतात.

पुढच्या जूनमध्ये

गेल्या वर्षीचे व्हिडिओ तयार असतात, ते तसेच नव्या वर्गाला पाठवावेत असा मोह होतो. मधला भाग खुशाल वापरा, वजाबाकी बदललेली नाही. सुरुवातीची वीस सेकंदं आणि शेवटचा प्रश्न मात्र नव्यानं रेकॉर्ड करून जोडा. नव्या वर्गाच्या चुकांच्या वहीतली चूक घ्या, त्यांच्या वर्गातल्या कालच्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करा, गळणाऱ्या छपराचा किंवा मधल्या सुट्टीत शिरलेल्या शेळीचा. कोंबडा मी अजून काढलेला नाही. नवी मुलं विचारतात, तो कुणाचा, आणि मी त्यांना घर दाखवायला घेऊन जातो.